जन्मजात आजार : ‘कोणामुळे?’च्या आधी ‘कधीपर्यंत?’ विचारा

सांजवात (धागाकर्ती)

माझी लेक सात वर्षांची आहे. तिच्या छातीवर मधोमध एक उभी रेघ आहे, आता बरीच फिकट पडलेली. परवा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच तिने विचारलं, “आई, माझं हृदय असं कोणामुळे झालं?” वर्गातल्या मैत्रिणीने ती रेघ पाहून घरी विचारलं होतं. घरच्यांनी सांगितलं, “तिच्या आईने पोटात असताना नीट काळजी घेतली नसेल.”

मोठ्यांच्या तोंडून हे ऐकायची सवय झाली होती. तिच्या तोंडून ऐकलं आणि गलबलून आलं. म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते सात वर्षांत डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजलेलं आहे.

तिला ‘फॅलोज टेट्रालॉजी’ होती. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. फुप्फुसांकडे रक्त नेणारा मार्ग अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी त्या भोकाच्या बरोबर वर सरकलेली. आणि अरुंद मार्गातून रक्त ढकलून ढकलून जाड झालेली उजव्या कप्प्याची भिंत. म्हणजे अशुद्ध रक्त फुप्फुसात जाण्याऐवजी भोकातून थेट शरीरात जातं, आणि बाळ निळं पडतं.

चार महिन्यांची होती तेव्हाची एक रात्र आहे. झोपेतून दचकून उठली, रडायला लागली, आणि रडता रडता ओठ आधी राखाडी, मग जांभळे झाले. नखंही. श्वास भराभर आणि खोल. आम्हाला आधीच शिकवून ठेवलं होतं: घाबरून खांद्यावर टाकून फिरवत बसायचं नाही, तिचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी घट्ट धरायचे आणि मदत बोलवायची. मी तिला मांडीत घेऊन तसं केलं. मिनिटभरात ओठांवर रंग परत यायला लागला. पाय दुमडले की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या वाटेत अडथळा वाढतो, आणि मग जास्त रक्त फुप्फुसांच्या वाटेने जातं. ज्या मुलांचं ऑपरेशन झालेलं नसतं ती जरा मोठी झाली की धावता धावता आपणहून उकिडवी बसतात. कुणी न शिकवता. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते.

नऊ महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. भोक बंद केलं, मार्ग रुंद केला.

आता मुद्द्याचं. निदान झाल्यावरचे पहिले काही आठवडे मी फक्त ‘कोणामुळे’ शोधत होते. एक डोकेदुखीची गोळी घेतली होती, ती? त्या महिन्यात जिने फार चढले, ते? सासरी-माहेरी कुणाच्या हृदयाला काही होतं का, याची तर दोन्हीकडून चौकशी सुरू होती. शेवटी आमच्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून त्यावर आठवडे मांडले. गर्भाच्या हृदयाची मूळ घडण साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. त्यातल्या पहिल्या काही आठवड्यांत तर आपण गरोदर आहोत हेच पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. शंभरात साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही वेगळेपण असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत एक ठराविक कारण सापडतच नाही.

आणखी एक घोळ मला सोडवायचाय. तीन शब्द आपण सरसकट एकाच्या जागी एक वापरतो. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं. हा शब्द फक्त ‘कधी’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. जनुकीय म्हणजे जनुकांत किंवा गुणसूत्रांत बदल असलेलं. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. गरोदरपणात आईला रुबेला झाल्यामुळे बाळाला मोतीबिंदू झाला, तर तो जन्मजात आहे पण आनुवंशिक नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. हे जनुकीय खरं, पण बहुतेक वेळा ते घराण्यातून आलेलं नसतं, पेशी विभागताना झालेलं असतं. आणि हंटिंग्टनचा आजार (यात मेंदूच्या पेशी हळूहळू झिजत जातात) पक्का आनुवंशिक, पण तो बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो. त्यामुळे “जन्मजात आहे, म्हणजे तुमच्या घराण्यात असणार” हे वाक्य म्हणण्याआधी कृपया थांबा.

मला काय हवंय: ज्यांच्या घरी, नात्यात, कामात असा अनुभव आहे त्यांनी लिहा. विशेषतः *कोणती गोष्ट कधीपर्यंत व्हायला हवी* हे तुम्हाला उशिरा कळलं असेल, तर ते जरूर लिहा.

---

रानजाई

वाचलं. ती गुडघे दुमडायची गोष्ट मी माझ्या बहिणीला लगेच पाठवली. तिचा मुलगा ऑपरेशनसाठी थांबलाय.

---

पाऊलवाट

सांजवातताई, योग्य वेळी धागा काढलात. बायकोला विसावा आठवडा आहे. गुरुवारी सोनोग्राफीत बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली दिसली. बाकी सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. ती दोन रात्री झोपलेली नाही. मी तिला धीर देतोय, पण मलाच काही माहीत नाही. बाळ चालेल ना?

---

ओंजळ

@पाऊलवाट दादा, चालेल आणि पळेलही. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याची दोन्ही पावलं तशीच होती. हजारात साधारण एका बाळाला असतं हे. सोनोग्राफीत दिसलं तर डॉक्टर पाठीचा कणा आणि इतर अवयव पुन्हा नीट पाहतात, कारण कधी कधी ते दुसऱ्या कशाशी जोडलेलं असतं. तुमचं बाकी व्यवस्थित आहे म्हणाले ना, मग त्यावर विश्वास ठेवा.

उपचाराची पद्धत पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची. पूर्वी मोठमोठी ऑपरेशनं करायचे. त्यांनी दाखवलं की नवजात बाळाचे सांधे इतके लवचिक असतात की हातानेच पाऊल हळूहळू वळवून, तेवढ्यावर प्लास्टर घालून, आठवड्याने पुन्हा थोडं वळवून ते जागेवर आणता येतं. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतात. साधारण पाच ते सात प्लास्टरं लागतात, मांडीपासून बोटांपर्यंत. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची शीर एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते, ती नंतर भरून येते.

खरी परीक्षा त्यानंतर असते, म्हणून जरा लांबवून लिहिते. पाय सरळ दिसायला लागतात आणि सगळे म्हणतात, झालं! तसं नसतं. दोन बूट आणि मध्ये पट्टी असा ब्रेस असतो. पहिले तीन महिने तो दिवसाचे तेवीस तास घालायचा, नंतर झोपताना, आणि हे चालवायचं साधारण चार वर्षांपर्यंत. माझा मुलगा पहिले तीन दिवस रडून रडून दमला. एक पाय एकटा हलवायला जायचा आणि दुसरा त्याला धरून ठेवायचा. चौथ्या दिवशी दोन्ही पाय जोडीने वर उचलून गादीवर धपकन आपटले आणि हसला. सापडलं त्याला! त्या दिवसापासून रडणं संपलं.

पाऊल पुन्हा वळतं त्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस मध्येच सोडणं. “आज एक दिवस राहू दे” म्हणणारी माणसं घरात भरपूर असतात. ती मायेनेच म्हणतात. ऐकायचं नाही.

---

पाऊलवाट

ओंजळताई, तिला वाचून दाखवलं. ‘धपकन’ला पहिल्यांदा हसली. आभार हा शब्द पुरत नाही.

---

शब्दमळा

लेखन चांगलं आहे. एक भाषेची शंका. आपल्याकडे या सगळ्याला ‘जन्मदोष’, ‘व्यंग’, ‘विकृती’ असे शब्द आहेत. ‘दोष’ म्हटलं की दोषी कोण हे आपोआप येतं. ‘विकृती’ तर आपण वाईट स्वभावालाही म्हणतो. धाग्यात तुम्ही ‘वेगळेपण’ म्हटलंय, पण ते फार सौम्य वाटतं. हृदयाला भोक असणं हे नुसतं वेगळेपण नाही, त्यावर उपचार लागतात.

---

सांजवात

@शब्दमळा, बरोबर आहे तुमचं. मी घरी साधं म्हणते, तिच्या हृदयाची घडण जन्मापासून वेगळी होती आणि ती दुरुस्त केली. ‘घडण’ मला बरा वाटतो, कारण त्यात कुणी कर्ता नाही. फाइलवर काय लिहिलंय त्याला माझी हरकत नाही, तो त्यांच्या कामाचा शब्द आहे. पण मुलासमोर ‘व्यंग’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

---

रेषा

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. इथे मोठ्या झालेल्या मुलांपैकी कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते.

गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी मध्याकडे वाढत येतो आणि जुळतो. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या. माझं ते जुळायचं राहिलं. एवढंच. लहानपणी कुणी मला हे असं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. प्रत्येकाचा चेहरा जुळूनच बनलेला असतो, आरशात नाकाखालची पन्हळ पाहा, ती त्याचीच जागा आहे.

ओठाचं ऑपरेशन चार महिन्यांची असताना झालं, टाळूचं वर्षाची असताना. लोकांना वाटतं टाके निघाले की संपलं. माझ्यासाठी अवघड गोष्ट चेहरा नव्हती, कान होते. टाळूचे जे स्नायू मधल्या कानाची नळी उघडतात तेच दुभंगलेल्या टाळूत नीट काम करत नाहीत, त्यामुळे कानात पाणी साठून राहतं. मला ऐकू कमी येत होतं आणि सगळ्यांना वाटायचं ही लक्ष देत नाही. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. कान तपासले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तोवर ‘प’, ‘ब’ नाकातून यायचे. वाचा-उपचार लागले, तीन वर्षं. आरशापुढे नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा’ म्हणायचं, आरशावर वाफ आली तर हवा नाकातून गेली. शेकडो वेळा.

@सांजवात, ‘कधीपर्यंत’ विचारलंत ना: टाळू दुभंगलेली असेल तर पहिल्या वर्षापासूनच कानांची नियमित तपासणी. बोलायला उशीर होतोय का, याची वाट बघू नका.

आणि मुलांना फोटो दाखवा, ऑपरेशनच्या आधीचेही. माझे सगळे फोटो माझ्यापासून लपवले होते. मला वाटायचं, मी इतकी भयंकर दिसत होते का. पंचविसाव्या वर्षी पाहिले. हसणारं बाळ होतं.

---

रानजाई

रेषा, तुझं शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले.

---

तळटीप

थोडं वेगळं मत मांडतो. कारण शोधण्याला इतकं वाईट ठरवू नका. कारण शोधलं नसतं तर आज पुष्कळ गोष्टी टाळता आल्या नसत्या. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली. त्यांनी आयांकडे चौकशी केली. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. तोपर्यंत तो किरकोळ पुरळाचा आजार समजला जायचा. आज त्यावर लस आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७पासून विकलं जात होतं, गरोदरपणातल्या मळमळीवर बिनधोक म्हणून. दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची वाढ खुंटलेली जन्मली, तेव्हा १९६१च्या शेवटी ते मागे घेतलं. ‘कारण नसतं’ म्हणून सगळे बसले असते तर?

---

सांजवात

@तळटीप, तुमचा मुद्दा मान्य, आणि माझ्या शीर्षकात तो नीट आला नाही. ‘कशामुळे’ आणि ‘कोणामुळे’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. ग्रेग यांनी ‘कशामुळे’ विचारलं. माझ्या लेकीला जे ऐकावं लागलं ते ‘कोणामुळे’ होतं. थॅलिडोमाइडच्या आयांनीही डॉक्टरांनी दिलेली गोळीच घेतली होती, आणि त्यातल्या कितीजणी स्वतःला बोल लावत राहिल्या असतील.

---

हळदुली

प्रश्न: फॉलिक ॲसिड घेतलं की हे सगळं टळतं का? लग्नाला दोन वर्षं झाली, आता विचार करतोय.

---

शुश्रूषा

@हळदुली, मी परिचारिका आहे, नवजात विभागात. सगळं टळत नाही. त्याचा भक्कम पुरावा आहे तो मज्जारज्जूच्या नळीबाबत. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती उघडी राहिली तर पाठीवर उघडी गाठ येते, किंवा मेंदूच पूर्ण बनत नाही. १९९१ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा स्त्रियांमध्ये फॉलिक ॲसिडमुळे पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

आता २८ दिवस म्हणजे काय ते बघा. पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. बहुतेक जणी पहिल्यांदा तपासणीला येतात तेव्हा ती नळी मिटून गेलेली असते. म्हणून गोळी आधीपासून, मूल हवं असं ठरवल्यावर निदान महिनाभर आधी सुरू करायची. रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधी असं बाळ झालं असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस बराच जास्त लागू शकतो, तो डॉक्टरच ठरवतील. मनाने वाढवू नका आणि फिट्सची गोळी मनाने बंद तर मुळीच करू नका.

ज्यांनी घेतली नव्हती आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी: गोळी घेऊनही काहींना असं बाळ होतं, आणि न घेता बहुतेकांना होत नाही.

---

उंबरा

मी फार लिहू शकणार नाही. आमच्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनीही गेली नाही. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल. शी पांढरट होती, ओल्या पिठासारखी. दूध पितंय म्हणून तशी असेल असं आम्हाला वाटलं, आणि आम्ही ते बोललोच नाही. कुणी विचारलंही नाही.

त्याची पित्तनलिका बंद होती. कासाई ऑपरेशन शक्यतो पहिल्या ६० दिवसांत केलं तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता चांगली असते. आमचं ८३व्या दिवशी झालं. पुढे यकृत बदलावं लागलं, मी माझा तुकडा दिला. तो आता चौथीत आहे, बरा आहे.

पण तेवीस दिवस. कावीळ दोन आठवड्यांपुढे राहिली तर रक्तात ‘डायरेक्ट’ (थेट) बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, किती आहे ते तपासून मागा. आणि शीचा रंग फिकट असेल तर लंगोट तसाच घेऊन डॉक्टरांकडे जा.

---

शुश्रूषा

@उंबरा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आमच्याकडे घरी सोडताना आता शीच्या रंगांचं कार्ड देतात, पण कार्ड हातात देणं आणि समजावून सांगणं यात फरक आहे.

यावरून एक गोष्ट. टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतात, ती चाचणी. तिच्यामागची हकीकत पालकांना माहीत असावी असं मला नेहमी वाटतं. १९३४मध्ये नॉर्वेतल्या एका आईची दोन्ही मुलं मतिमंद होती. त्यांच्या लघवीला एक विचित्र वास येतो, असं ती प्रत्येक डॉक्टरला सांगत होती. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी आस्ब्यॉर्न फ्योलिंग या डॉक्टरांनी घेतलं. लघवीत फेरिक क्लोराइड घातलं, ती हिरवी झाली. त्यातून फिनाइलकिटोन्यूरिया सापडला, म्हणजे अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक शरीराला मोडता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो, तो आजार. त्या मुलांसाठी उशीर झाला होता. पुढे आहार बदलून मेंदू वाचवता येतो हे कळलं, आणि १९६०च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी वाळलेल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी आणली.

त्याच थेंबावर आता जन्मजात थायरॉइडची कमतरता तपासतात. दोन ते चार हजारांत एका बाळाला ती असते. जन्मताना बाळ अगदी छान दिसतं, कारण आईचे हार्मोन थोडे दिवस पुरतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ बहुधा व्यवस्थित होते. रोजची एक छोटी गोळी, चुरून. पण मी पाहिलंय, चाचणी होते आणि रिपोर्ट आणायला कुणी येत नाही. फोन नंबर बदललेला असतो. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय चाचणी झाली असं समजू नका.

---

हळदुली

शुश्रूषाताई, आजच डॉक्टरांची वेळ घेतली.

---

मौनराग

आमच्या दोघांच्याही घरात कुणालाच ऐकण्याचा त्रास नाही, त्यामुळे मुलगा जन्मतः बहिरा असेल असं मनातही आलं नाही. नंतर समजलं, जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकू येणारेच असतात. आम्ही दोघंही एकाच जनुकाचे वाहक निघालो, म्हणजे त्याची एक बदललेली प्रत दोघांकडेही होती, पण आम्हाला स्वतःला त्रास नव्हता. आजीने मागे भांडं आपटून पाहिलं होतं, तो दचकला होता. जमिनीची थरथर त्याला कळली होती, आवाज नाही. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र किंवा खुणांची भाषा सुरू, असा हिशेब असतो. आमचं निदानच चौदाव्या महिन्यात झालं.

दुसऱ्या बाळाबद्दल समुपदेशकांनी सांगितलं, शक्यता चारात एक. माझे सासरे म्हणाले, एकाला झालं, आता पुढची तीन नक्की ठीक. तसं नसतं. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. मागच्या वेळी काय झालं ते पुढच्या बाळाला माहीत नसतं.

---

पाऊलवाट

(बऱ्याच महिन्यांनी) बाळ आलं, मुलगी. नवव्या दिवशी पहिलं प्लास्टर घातलं. काल दुसरं. ओंजळताई, आज सकाळपासून उजव्या पायाची बोटं प्लास्टरच्या आत गेल्यासारखी दिसतायत. काल चारही स्पष्ट दिसत होती, अंगठाही. रडत नाहीये. पुढची तारीख सोमवारची आहे. तोवर थांबू का?

---

ओंजळ

थांबू नका. बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर खाली सरकलंय. त्याने पाऊल चुकीच्या जागी दाबलं जातं. आत्ता फोन करा आणि आजच घेऊन जा. बोटांचा रंग आणि ऊब बघत राहा. निळी किंवा गार वाटली तर फोनचीही वाट बघू नका, सरळ निघा.

---

पाऊलवाट

जाऊन आलो. काढून पुन्हा घातलं. या वेळी गुडघा जास्त दुमडून घातलंय, म्हणजे सरकणार नाही म्हणाले. पाचही बोटं दिसतायत. बायको दर तासाला मोजतेय.